‘मिस्टरांची बदली झाली की तुम्ही जाणार ना?’

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातले शिक्षणसंस्थाचालक, प्राचार्य आणि मुख्याध्यापक यांस,

स. न. वि. वि.

गेल्या दोन-अडीच वर्षांत तुमच्यापैकी पाच जणांसमोर मी मुलाखतीला बसले. मी गणित शिकवते. बी.एस्सी. गणितात केलंय, बी.एड. केलंय, तेही जवळजवळ दोनदा (ती गोष्ट पुढे येईलच). पाचपैकी एकाच ठिकाणी मला खडू देऊन फळ्यापाशी उभं केलं आणि समरूप त्रिकोणांचा पाठ घ्यायला सांगितला. बाकी चार ठिकाणी गणिताचा विषयच निघाला नाही. फाईल उघडली, चार पानं उलटली आणि प्रश्न आला, ‘मिस्टर काय करतात?’ मी सांगितलं, मिलिटरीत आहेत, हवालदार. मग समोरचे साहेब आधी खूश झाले. एकांनी तर चहा मागवला. ‘वा, देशसेवा!’ आणि चहा यायच्या आत दुसरा प्रश्न, ‘मग मिस्टरांची बदली झाली की तुम्ही जाणार ना?’

खोटं बोलायचं नाही असं ठरवून गेले होते. ‘हो, फॅमिली क्वार्टर मिळालं तर जाईन,’ म्हणाले. फाईल मिटली. चहा मात्र पिऊन आले, चांगला होता.

हे पत्र त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

तुमचा प्रश्न चुकीचा नाही. वर्षाच्या मध्यात शिक्षिका निघून गेली तर दहावीच्या पोरांचं काय, ही काळजी तुम्हाला असायलाच हवी. पण मला एक सांगा, विनाअनुदानित शाळेत दर जूनमध्ये किती नवे चेहरे येतात? कुणाचं लग्न ठरतं, कुणाला जास्त पगाराची जागा मिळते, कुणी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर निवड झाली म्हणून जातं. त्यांना तुम्ही ‘जाणार ना?’ असं विचारत नाही, कारण त्यांचं जाणं कपाळावर लिहिलेलं नसतं. आमचं असतं. आणि खरं तर आमचं जाणंच सगळ्यांत आधी कळतं. पोस्टिंगची कुणकुण दोन-तीन महिने आधी लागते, पीसला, म्हणजे शांत ठिकाणच्या छावणीत, गेलेली पलटण दोन-अडीच वर्षं तिथंच राहते, आणि तोवर बायको कुठेही जात नाही. ज्या शिक्षिकेची निघायची तारीख अंदाजे तरी ठाऊक आहे, ती तुम्हाला धोक्याची वाटते. जिची अजिबात ठाऊक नाही ती पक्की वाटते. हे गणित मला आजवर सुटलेलं नाही.

फौजीच्या घराचा हिशेब ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नोकरीत दोन तऱ्हा असतात, फील्ड (सीमेवरची किंवा मोहिमेवरची) आणि पीस. फील्डला कुटुंब नेता येत नाही. पीसला नेता येतं, पण क्वार्टरची वेटिंग असते. म्हणजे नवरा जाऊन सहा-आठ महिने झाल्यावर बायकोला बोलावणं येतं आणि दीड-दोन वर्षांत पुन्हा सामान बांधायचं. त्यामुळे आमच्या जिल्ह्यात तुम्हाला फौजींच्या बायका दोन प्रकारच्या दिसतील. एक गावातच राहिलेली, म्हणजे माढा, करमाळा, बार्शी, मोहोळकडच्या एखाद्या वस्तीवर सासू-सासरे, दोन म्हशी आणि ऊस सांभाळणारी. दुसरी मुलांच्या शाळेसाठी सोलापुरात नाहीतर बार्शी-पंढरपुरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहणारी. मी दोन्ही करून बसलेय. सध्या जुळे सोलापुरात आहे.

आमच्या घरात एक काळी पत्र्याची पेटी आहे. प्रत्येक फौजीच्या घरात असते. तिच्यावर पांढऱ्या रंगानं नंबर, रँक, नाव आणि युनिट लिहिलेलं असतं. यांची बढती झाली तेव्हा ‘नायक’वर काळा हात मारून ‘हवालदार’ लिहिलं. उन्हात तिरकं बघितलं की खालचं ‘नायक’ अजून दिसतं, त्याच्याखालचं ‘शिपाई’सुद्धा. त्या पेटीच्या तळाला, सोलापुरी चादरीच्या घडीत, माझ्या गुणपत्रिकांची प्लास्टिकची फाईल असते. पेटीवर चार वेळा रंग चढला. फाईलमध्ये मात्र बरीच वर्षं एकही कागद वाढला नाही.

आता बी.एड.ची गोष्ट.

बी.एस्सी. २०१२ ला झालं आणि त्याच वर्षी लग्न. २०१४ ला मुलगी. २०१७ मध्ये अंबाल्याला क्वार्टर मिळालं तेव्हा मी तिथल्या एका कॉलेजात बी.एड.ला प्रवेश घेतला. हिंदी माध्यम. ‘अध्येता’, ‘मूल्यांकन’ असल्या शब्दांना पहिले दोन महिने अडखळले, मग जमलं. मुलीला शेजारच्या बंगाली वहिनीकडे ठेवायचं, सायकलवर जायचं. पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी पास झाले. दुसऱ्या वर्षी सोळा आठवड्यांची इंटर्नशिप असते. तिचे नऊ आठवडे झाले होते. आठवीच्या वर्गाला परिमेय संख्या शिकवत होते, आणि एका संध्याकाळी हे घरी आले ते बूट न काढताच दारात उभे राहिले. मी ओळखलं. युनिट फील्डला निघालं होतं. कुठे ते लिहीत नाही.

मुलांची दहावी-बारावी असेल तर क्वार्टर काही महिने ठेवून घेता येतं, हे आम्हाला ठाऊक होतं. बायकोच्या बी.एड.साठी तसा अर्ज करता येतो का, हे विचारायचं आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. यांना नाही आणि मलाही नाही. आज त्याचंच सगळ्यांत जास्त वाईट वाटतं. आपल्या शिक्षणासाठी काही मागायचं असतं, हेच आमच्या डोक्यात नव्हतं.

सोलापुरात परत आले. एका कॉलेजात गेले, सगळे कागद पुढे ठेवले, उरलेले सात आठवडे आणि शेवटची परीक्षा इथे देता येईल का म्हणून विचारलं. टेबलामागचे गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी नियमांचं पुस्तक काढून दाखवलं. हजेरी वर्गात ८० टक्के, इंटर्नशिपला ९० टक्के. मधूनच दुसऱ्या विद्यापीठातून घ्यायची सोय नाही. आणि दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम प्रवेश घेतल्यापासून जास्तीत जास्त तीन वर्षांत संपवायचा. अंबाल्याच्या कॉलेजला फोन केला. ते म्हणाले, पुढच्या तुकडीबरोबर या, इंटर्नशिप पहिल्यापासून करा. पदरी पाच वर्षांची पोर, अंबाल्यात ना घर ना दार. जाऊ, बघू, म्हणता म्हणता २०२० उजाडलं, लॉकडाऊन लागला आणि तीन वर्षांची मुदतही संपली. पहिल्या वर्षाचे मार्क, नऊ आठवड्यांचे पाठ, तिथल्या मुख्याध्यापिकेनं ‘उत्तम’ असा शेरा मारलेली पाठ-टाचणाची वही, सगळं शून्य.

मग २०२१ ला सीईटी देऊन इथे पुन्हा पहिल्या वर्षाला बसले. वर्गातल्या पोरी माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, मला ‘ताई’ म्हणायच्या. आठवीला परिमेय संख्या दुसऱ्यांदा शिकवल्या, यावेळी मराठीतून. २०२३ ला पास झाले. दोन वर्षांच्या पदवीला माझी सहा वर्षं गेली, फी दोनदा भरली. आणि तुमच्या मुलाखतीत विचारलं गेलं, ‘२०१२ ते २०२३ एवढी गॅप का?’

गॅप! त्या अकरा वर्षांत मी काय केलं ते सांगू? तीन गावांत घर मांडलं आणि मोडलं. क्वार्टरच्या व्हरांड्यात जवानांच्या सहा-सात पोरांना रोज संध्याकाळी गणित शिकवलं. त्यात एक मुलगा मिझोरामचा, एक तमिळ, दोघी गढवाली. भाषा कुणाचीच जुळत नव्हती. अपूर्णांक जुळले. युनिटच्या फॅमिली वेल्फेअर सेंटरमध्ये बायकांना बँकेची स्लिप भरायला, एटीएम वापरायला, नवऱ्याच्या पगाराचं स्टेटमेंट वाचायला शिकवलं. यातलं एकही काम मला ‘अनुभव’ या रकान्यात लिहिता येत नाही, कारण त्याला लेटरहेड नाही. प्रवेशाच्या वेळी मात्र शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर गॅपचं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं की या काळात मी कुठेही शिकले नाही आणि कोणतंही गैरकृत्य केलं नाही. मी शिकले होते की! अंबाल्याला पूर्ण एक वर्ष आणि वर काही महिने. ते लिहिलं तर प्रवेश अडकेल, असं टायपिंगवाल्यानंच सांगितलं.

मी एकटी असते तर हे पत्र लिहिलं नसतं. विजापूर रोडवर आमच्या ओळखीत सात-आठ जणी आहेत. एक नर्स आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. नवऱ्याची पोस्टिंग दुसऱ्या राज्यात झाली की इथलं ना-हरकत पत्र, तिथल्या कौन्सिलची नोंदणी, पडताळणी. कागद पोचेपर्यंत अर्धं पोस्टिंग संपतं. दोन्ही वेळा ती घरीच बसली. एक कर्नाटकातल्या इंडीकडची, म्हणजे शाळा कन्नडमधून, लग्न सोलापुरात. तिला डोमिसाईलच मिळत नाही. आणि नावाचा घोळ तर सगळ्यांचाच. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि यांच्या रेकॉर्ड ऑफिसला लग्नाच्या नोंदीची पार्ट टू ऑर्डर गेली तिच्यात क्लार्कनं इंग्रजीत जे स्पेलिंग ठोकलं ते तिसरंच. मी कागदोपत्री तीन बायका आहे. राजपत्रात नाव बदलून घेतलं तेव्हा दोन झाले. अजून एक बाकी आहे.

यावर कुणी म्हणेल, सैनिकांच्या कुटुंबांसाठी सरकार एवढं करतं, योजनांची रांग आहे. आहे ना. पण त्या रांगेत मी कुठे उभी आहे ते एकदा नीट बघा. पंतप्रधान शिष्यवृत्ती २००६-०७ पासून आहे, मुलींना महिना ३,००० रुपये मिळतात. ती माजी सैनिकांच्या मुला-मुलींना आणि विधवांना. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात डिफेन्सचे कोटे आहेत, ते मुलांना. लष्करात अधिकारी व्हायची वाट आहे, वयाची अट ३५ पर्यंत सैल केलेली, ती वीरपत्नींना. साताऱ्याच्या स्वाती महाडिक त्या वाटेनं गेल्या. कर्नल संतोष महाडिक २०१५ च्या नोव्हेंबरात कुपवाड्यात गेले आणि २०१७ च्या सप्टेंबरात त्या चेन्नईच्या अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. त्यांचा फोटो मी कापून ठेवला आहे. हे सगळं असायलाच हवं, त्यातला एक रुपयाही कमी होऊ नये. पण मुलं दिसतात, माजी सैनिक दिसतो, विधवा दिसते. जिचा नवरा आज ड्यूटीवर उभा आहे ती बायको कुणाच्याच रकान्यात नाही. तिला शिकायला मदत हवी असेल तर आधी नवरा रिटायर तरी व्हायला हवा, नाहीतर... ते मी लिहीत नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना जे मनात येऊ देत नाही ते पत्रात कशाला आणू?

सैनिकाची बायको म्हटलं की तुमच्या-आमच्या समाजाला शिलाई मशीन आठवतं. कार्यक्रम, हार, फोटो आणि शिलाई मशीन. मशीनला मी नावं ठेवत नाही. या गावात शाळेचे युनिफॉर्म शिवण्यावर हजारो घरं चालतात आणि आमच्यातल्या दोघींचं घरही त्यावरच चाललंय. पण मी गणित शिकलेय हो. मला फळा द्या.

आमची अडचण शासनाला मुळीच ठाऊक नाही असंही नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांचं जे धोरण आहे, त्यातल्या, बदलीत प्राधान्य मिळणाऱ्या विशेष संवर्ग भाग १ मध्ये गंभीर आजारी, दिव्यांग यांच्याबरोबर सैनिक आणि अर्धसैनिक जवानांच्या पत्नींचंही नाव आहे. म्हणजे जी आधीच जिल्हा परिषदेत शिक्षिका आहे आणि जिचा नवरा फौजेत आहे, तिची ओढाताण शासनानं लेखी मान्य केलेली आहे. जी शिक्षिका होऊ पाहतेय तिची तेवढी करायची राहिली.

आता तुमच्या हातात काय आहे ते. यासाठी दिल्लीला जावं लागत नाही.

सगळ्यांत आधी, मूव्हमेंट ऑर्डरला कारण म्हणून किंमत द्या. विद्यार्थिनी आजारी पडली, बाळंत झाली, तर तुम्ही टर्म राखून ठेवायचा मार्ग काढता. नवऱ्याच्या बदलीचा सरकारी कागद घेऊन ती आली तर तिचं नाव पटावरून कमी करण्याआधी तिला एवढं तरी करून द्या: तोवर झालेल्या विषयांचे मार्क, हजेरी, इंटर्नशिपचे भरलेले आठवडे, सही-शिक्क्यानिशी एका कागदावर, आठवड्याच्या आत. मला अंबाल्याहून तो कागद मिळवायला अकरा महिने लागले. आमच्याकडे गाडी सुटायला अकरा दिवससुद्धा नसतात.

दुसरं म्हणजे श्रेयांकांची बँक. २०२१ मध्ये यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम काढले. एका ठिकाणी मिळवलेले क्रेडिट तिथे जमा राहतात, साधारणपणे सात वर्षांपर्यंत, आणि दुसऱ्या विद्यापीठात वापरता येतात. पदवीचं एक वर्ष झालं तर सर्टिफिकेट, दोन झाली तर डिप्लोमा, आणि पुढे ठरलेल्या मुदतीत येऊन उरलेलं पूर्ण करा, असं नव्या धोरणात आहे. वाचलं तेव्हा मला वाटलं, हे कुणा फौजीच्या बायकोनंच लिहिलं असणार. पण बँकेत खातं असून भागत नाही, भरणा करणारा हवा. किती कॉलेजांनी मुलींची खाती नुसती उघडली आणि क्रेडिट चढवलेच नाहीत, हे तुमच्या ऑफिसात एकदा स्वतः विचारून बघा. आणि आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नाही म्हणून लग्न झालेल्या मुलीचं खातं अडलं, तर तिला ‘नंतर या’ म्हणू नका. आमच्या आयुष्यात ‘नंतर’ दुसऱ्या राज्यात असतं.

बी.एड.चं मात्र अवघड आहे हे मला मान्य आहे. तिथे एनसीटीईचे, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेचे, नियम आहेत, एकटं कॉलेज काही करू शकत नाही. पण केगावला आपलं स्वतःचं विद्यापीठ आहे. २००४ पर्यंत आपण कोल्हापूरला जोडलेले होतो, साध्या दुरुस्तीच्या अर्जासाठी शिवाजी विद्यापीठाच्या खेपा घातलेली पिढी अजून नोकरीत आहे. एकाच जिल्ह्यासाठी उभं राहिलेलं हे विद्यापीठ, त्याला अहिल्यादेवींचं नाव. नवऱ्यामागे आणि सासऱ्यामागे राज्य चालवलेल्या बाईचं. इंटर्नशिपचे उरलेले आठवडे बदलीच्या गावातल्या शाळेत, म्हणजे केंद्रीय विद्यालय, आर्मी पब्लिक स्कूल, काहीही असेल तिथे पूर्ण करू द्यावेत, आणि तीन वर्षांच्या मुदतीतून फील्ड पोस्टिंगचा काळ वजा करावा, असा ठराव करून वर पाठवायला विद्यापीठाला काय लागतं? एक बैठक. वरून नाही म्हणाले तर म्हणू देत. निदान आमच्या बाजूनं कागद तरी गेला असेल.

मुक्त विद्यापीठांचे उपकार इथे मानले नाहीत तर कृतघ्नपणा होईल. आमच्यातल्या ज्या शिकल्या त्या बहुतेक त्यांच्याच जिवावर. सांगोल्याकडची एक जण इग्नूतून, म्हणजे दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून, बी.ए. झाली, तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत करता येते म्हणून. पहिली परीक्षा एका गावात, दुसरी दुसऱ्या, शेवटची पोटात सातवा महिना असताना तिसऱ्या. नाशिकचं मुक्त विद्यापीठ मराठीतून शिकवतं म्हणून पोरींना जवळचं वाटतं, पण ते महाराष्ट्रापुरतं. आसामात गेलेल्या बाईला परीक्षेसाठी इथे यावं लागतं. तेव्हा माझं सरळ सांगणं असं की जिची बदली राज्याबाहेर होणार हे ठरलेलं आहे तिनं हिंदीची भीती सोडून इग्नू धरावं, जी गावीच राहणार आहे तिनं नाशिक. हे सांगणारं माणूस कॉलेजच्या प्रवेश खिडकीत बसलेलं हवं होतं. मला हे कळलं ते वॉशिंग लाईनवर कपडे वाळत घालताना. आणि दूरशिक्षणाची मान्यताप्राप्त पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी असं यूजीसीनं २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय. तरी मुलाखतीत ‘अच्छा, बाहेरून केलंय होय’ असं म्हणताना तुमच्या भुवया जरा वर जातात. त्या जाऊ देऊ नका.

नोकरीचं एकच मागणं. आम्हाला दोन वर्षांचा करार द्या, त्यात लिहा की शैक्षणिक वर्षाच्या मध्ये जाणार नाही, आणि जाताना अनुभवाचं प्रमाणपत्र द्या. आठ महिने शिकवलं असेल तर आठ महिन्यांचं. पुष्कळ शाळा ‘वर्ष पूर्ण नाही’ म्हणून तो कागद देत नाहीत. त्या कागदासाठी शाळेला खर्च काय, तर शाई. आमच्यासाठी पुढच्या गावातल्या मुलाखतीत तोच एक पुरावा असतो की मधली वर्षं आम्ही झोपा काढत नव्हतो.

परदेशातलं उदाहरण दिलं की लोक हसतात, तरी देते. अमेरिकेचं संरक्षण खातं कनिष्ठ हुद्द्यावरच्या सैनिकाच्या जोडीदाराला एखादं प्रमाणपत्र, परवाना किंवा छोटी पदवी घेण्यासाठी ४,००० डॉलरपर्यंत मदत करतं. त्याहून मला आवडलं ते दुसरं. जानेवारी २०२३ मध्ये तिथे कायदा झाला की सैनिकाच्या बदलीमुळे राज्य बदललं तर जोडीदाराचा नर्सचा, शिक्षकाचा असा व्यावसायिक परवाना नव्या राज्यानं चालवून घ्यावा. डॉलरचं सोडा. आमच्या त्या नर्सबाईला याच्या निम्मं जरी मिळालं असतं तरी ती आज घरी बसून शेजाऱ्यांचा बीपी मोजत नसती.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही एक विनंती. तुमच्याकडे पेन्शनच्या फायली घेऊन म्हातारे सुभेदार येतात, वीरमाता येतात. त्यांच्या रांगेत ‘मला एम.एस्सी. करायचंय’ म्हणून उभं राहायला पोरींना लाज वाटते. महिन्यातला एक दुपारचा वेळ फक्त आजी सैनिकांच्या पत्नींसाठी ठेवा आणि त्या दिवशी शेजारी खुर्ची टाकून एखाद्या कॉलेजच्या प्राध्यापकांना बसवा. किती जणी येतात ते मोजा. मोजायला मी येते, गणिताचीच आहे.

आमचाही दोष आहे, तो झाकत नाही. ‘पगार येतोय की, तुला कशाला दगदग,’ असं हे म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं होतं. दोन वर्षं मी त्याच बरं वाटण्यात काढली. गावाकडे जाऊबाई म्हणाल्या, ‘मास्तरीण होऊन काय मेडल लावणार?’ तर हसून सोडून दिलं. फौजी नवरे मात्र पंधरा-वीस वर्षांत, अजून चाळिशी ओलांडते न ओलांडते तोच पेन्शनवर घरी येतात, पोरं तेव्हाच कॉलेजात जाणारी असतात, आणि मग बँकेच्या नाहीतर कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीचा ड्रेस घालून पुन्हा उभे राहतात. त्या वेळी बायकोचा पगार असणं म्हणजे काय, ते ज्यांच्या घरात आहे त्यांना विचारा.

सध्या मी तुमच्यापैकीच एका शाळेत शिकवते आहे. पाचवी मुलाखत, ज्यात फळ्यापाशी उभं केलं होतं ती. मुख्याध्यापिका बाईंनी पाठ संपल्यावर दुसरा प्रश्न विचारलाच, पण जरा वेगळा: ‘कधी जाणार, अंदाजे?’ मी म्हणाले, दोन वर्षं तरी नाही. त्या म्हणाल्या, ‘मग दहावी घ्या.’

आता यांची पीसची पोस्टिंग येणार असं कानावर आहे. क्वार्टर मिळायला पाऊस उजाडेल. बाईंना मी आत्ताच सांगून ठेवलंय आणि अनुभवाच्या प्रमाणपत्राचा अर्जही दिलाय. बोर्डाच्या परीक्षेआधी गणिताचा भाग दोन संपवायचा आहे. वर्तुळ झालं, निर्देशक भूमिती झाली. त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन बाकी आहे.

आपली,
एका हवालदाराची बायको,
बी.एस्सी., बी.एड.
जुळे सोलापूर